कडीवरचा आकडा, चिठ्ठीवरची तारीख

(नंदुरबार जिल्ह्यातील वसंत स्थलांतर आणि पक्ष्यांचे रिंगिंग या विषयावरील स्मृतिव्याख्यानाचा लिखित मजकूर)



१८ फेब्रुवारी २००६ या दिवशी नवापूरचे नाव जगभरच्या बातम्यांत झळकले. नंदुरबार जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मरत होत्या. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने त्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडल्याचे कळवले. भारतात हा विषाणू आढळल्याची ती पहिली नोंद. पुढचे कित्येक दिवस नवापुरात संरक्षक पोशाखातली पथके फिरत होती, जेसीबीने खड्डे खणले जात होते आणि कोंबड्या लाखोंच्या संख्येने मारून पुरल्या जात होत्या. कर्ज काढून उभा केलेला धंदा लोकांच्या डोळ्यांदेखत मातीत गेला.

मग प्रश्न उठला, विषाणू आला कोठून? अनेकांनी बोट दाखवले ते स्थलांतरित पक्ष्यांकडे. संशय अगदीच निराधार नव्हता. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे मे २००५ मध्ये, चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर याच विषाणूने हजारो रानपक्षी मेले होते आणि त्यांत पट्टकादंब हे हंस मोठ्या संख्येने होते. हेच पट्टकादंब हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात उतरतात. मात्र विषाणूला दुसऱ्याही वाटा मोकळ्या होत्या. कोंबड्यांची पिल्ले, अंडी, खाद्य, पिंजरे आणि ट्रक यांची ये-जा सुरत-धुळे महामार्गावर दिवसरात्र चालू असते, आणि नवापूर त्याच महामार्गावर वसले आहे. पक्षी दोषी की व्यापार, हे ठरवायचे तर आधी काही साध्या गोष्टी ठाऊक हव्यात. या भागातून कोणते पक्षी जातात, कोठून येतात, कोणत्या तारखांना येतात, कोठे थांबतात आणि कोठे जातात? अशी माहिती देशातल्या मोजक्याच पाणथळींची होती. तापीच्या खोऱ्याची ती नव्हती.

अशी माहिती मिळवण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पक्षी पकडायचा, त्याच्या पायात आकडा कोरलेली हलकी कडी घालायची, सारी नोंद लिहायची आणि त्याला सोडून द्यायचे. यालाच रिंगिंग किंवा बँडिंग म्हणतात. आजचे व्याख्यान त्याविषयी आहे, आणि विशेषतः फाल्गुन-चैत्रात, परतीच्या प्रवासाच्या दिवसांत, सातपुड्याच्या पायथ्याशी ते का व्हावे याविषयी.

या पद्धतीचा जनक एक शाळामास्तर होता. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावचे हान्स क्रिश्चन कॉर्नेलियस मॉर्टेन्सन. १८९० मध्ये त्यांनी जस्ताच्या कड्या करून पाहिल्या, पण त्या जड झाल्या. १८९९ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या कड्या केल्या, त्यांवर गावाचे नाव आणि अनुक्रमांक कोरला आणि त्या युरोपी मैनांच्या पायांत घातल्या. कल्पना एवढीच, पण तिने पक्षिशास्त्राची दिशा बदलली. तोवर ‘मैना आल्या’, ‘मैना गेल्या’ एवढेच म्हणता येत असे. आता ‘ही मैना’ असे म्हणता येऊ लागले. थव्यातला एकेक पक्षी स्वतंत्र झाला आणि त्याच्या आयुष्याची तारीखवार नोंद ठेवता येऊ लागली.

इंग्लंडमधली एक हकिकत या पद्धतीचे बळ दाखवते. १९११ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या एका घराच्या आडोशाला घरटे केलेल्या माळभिंगरीच्या पायात कडी घातली गेली. डिसेंबर १९१२ मध्ये तीच माळभिंगरी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली. इंग्लंडच्या माळभिंगऱ्या हिवाळ्यात नेमक्या कोठे जातात, याचा ठोस पुरावा त्या एका कडीने दिला. असाच एक दाखला भारताच्या वाट्यालाही आला. जर्मनीत ब्रुन्सविक येथे कडी घातलेला एक श्वेत करकोचा राजस्थानात बिकानेरला मिळाला.

आपल्याकडे या कामाची सुरुवात झाली ती नंदुरबारच्या शेजारीच, आणि एका मराठी संस्थानात. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून उत्तरेला गेले की धार लागते. तेथे पवार घराण्याचे राज्य होते. १९२७ च्या सुमारास धारच्या महाराजांच्या पुढाकाराने आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या, सहकार्याने रानबदकांना कड्या घालण्याचा उपक्रम सुरू झाला. ज्या काळात संस्थानिकांचा मोठेपणा एका दिवसात किती बदके पाडली यावर मोजला जाई, त्या काळात बदक पकडून, आकडा लिहून सोडून देणारा राजा माळव्यात होता. मराठी वाचकांना ही गोष्ट जितकी ठाऊक असायला हवी तितकी ती नाही.

मोठ्या प्रमाणावर काम सुरू व्हायला मात्र एका साथीचे निमित्त झाले. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, त्या तापाचा विषाणू वेगळा केला. तो रशियात आढळणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला निघाला. लगेच शंका आली की सायबेरियातून येणारे पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिडांबरोबर हा रोग आणत असतील काय? जागतिक आरोग्य संघटनेने मदत देऊ केली आणि १९५९ मध्ये सालिम अलींच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसचा पक्षी स्थलांतर प्रकल्प सुरू झाला. भरतपूरच्या पाणथळी, कच्छचे किनारे आणि केरळातले माळ-शिवार अशा ठिकाणी जाळी लागली. पक्षी पकडले गेले, गोचिडे गोळा झाली, रक्ताचे नमुने तपासले गेले. शेवटी पक्ष्यांवर ठपका ठेवावा असा पुरावा काही मिळाला नाही. क्यासनूरचा विषाणू त्या जंगलातल्याच गोचिडांत आणि प्राण्यांत मुरलेला होता.

क्यासनूर आणि नवापूर यांमध्ये जवळजवळ ५० वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हीकडचा प्रश्न एकच होता. क्यासनूरच्या वेळी पक्ष्यांवर आरोप झाला, तो तपासायला माणसे रानात गेली, वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या गेल्या आणि आरोप टिकला नाही. नवापूरच्या वेळी आरोप झाला आणि बातम्या थांबल्यावर तो तसाच हवेत राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला, पुन्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि जुनाच संशय पुन्हा बोलला गेला. ज्या जिल्ह्याने ही झळ दोनदा सोसली, त्या जिल्ह्याला आपल्या आकाशातून कोण जाते हे समजून घेण्याचा पहिला हक्क आहे.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू.

रिंगिंगची जाळी काळ्या धाग्याची आणि इतकी बारीक असते की झाडांच्या सावलीत ती दिसत नाही. तिला मिस्ट नेट म्हणतात. दोन बांबूंच्या मध्ये ती ताणतात. तिच्यात आडव्या झोळ्या असतात. उडता पक्षी जाळीवर आपटला की अलगद झोळीत पडतो. जाळी उजाडायच्या आत लावायची आणि दर थोड्या वेळाने तिच्यावर फेरी मारायची. शहादा-तळोद्याकडे मार्च-एप्रिलचे ऊन तापले की जाळीत अडकलेला पक्षी पाहता पाहता गळून जाईल, म्हणून सकाळ चढायच्या आत जाळी गुंडाळावी लागते. वारा सुटला, पाऊस आला, तरी काम बंद. पक्ष्याचा जीव आधी आणि आकडा नंतर, हा या कामाचा पहिला नियम आहे.

झोळीतून पक्षी सोडवणे हे सर्वांत नाजूक काम. तो ज्या बाजूने आत शिरला त्याच बाजूने, आधी पाय, मग पंख, मग डोके, असा तो मोकळा करतात आणि सुती पिशवीत ठेवतात. अंधारात पक्षी शांत होतो. मग टेबलावर एकेक पिशवी उघडते. एखादा पिवळा धोबी असेल, तर त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरतात, पाठ तळहाताला टेकते आणि सारा पक्षी मुठीत सैल मावतो. वजन जेमतेम १६-१७ ग्रॅम. त्याच्या पायाच्या जाडीनुसार कडीचे माप ठरते. खास पक्कडीने ती बंद करतात. कडी नडगीवर सहज वर-खाली सरकली पाहिजे, पण तिच्या फटीत एक केसही अडकता कामा नये. मग पंखाची लांबी, चोच, शेपूट, पिसांची झीज आणि वजन यांची नोंद होते. शेवटी गळ्याखालच्या पिसांवर हळूच फुंकर घालतात. पिसे बाजूला होतात आणि पातळ कातडीखाली, गळ्याच्या खळगीत साठलेली पिवळसर चरबी दिसते.

वसंतातल्या रिंगिंगचे सगळे मोल त्या चरबीत आहे. शरद ऋतूत येणारा पक्षी प्रवासाने खंगलेला असतो. फाल्गुन-चैत्रात निघणारा पक्षी प्रवासाची शिदोरी बांधत असतो. काही जातींचे वजन निघण्यापूर्वी दीडपट होते. कोणत्या तारखेला कोणत्या जातीच्या अंगी किती चरबी आहे, हे कळले की ती कधी निघणार आणि एका दमात किती दूर जाणार याचा अंदाज बांधता येतो. दुसरे कारण पिसांचे. आपल्याकडे हिवाळाभर दिसणारे पिवळे धोबी मळकट पिवळे, एकसारखे दिसतात. निघण्याआधी त्यांची पिसे बदलतात आणि कोणाचे डोके करडे, कोणाचे काळे, कोणाचे पिवळे होते. ही डोकी त्यांच्या मायदेशांच्या खुणा असतात. एक उपजात युरोपच्या उत्तर टोकाची, दुसरी काळ्या समुद्राच्या आसपासची, तिसरी मध्य आशियाची. म्हणजे प्रकाशा-सारंगखेड्याच्या तापीकाठी मार्चअखेरीस पकडलेला धोबी आपला पत्ता डोक्यावर घेऊन बसलेला असतो. डिसेंबरात पकडला तर तो पत्ता वाचता येत नाही.

या जिल्ह्याचा वसंत पक्ष्यांच्या दृष्टीने कसा आहे, तेही पाहिले पाहिजे. नंदुरबारच्या उत्तरेला नर्मदा, मधून तापी, आणि दोहोंमध्ये सातपुडा. भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठी गावच्या राजवाडी होळीची तयारी सुरू होते, मोह टपटपू लागतो, त्याच दिवसांत पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. त्या फुलांवर भोरड्यांचे थवे उतरतात. याच त्या पळसमैना. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख. मधासाठी फुलात चोच घातल्यामुळे कपाळ परागांनी माखलेले. ज्वारीच्या शेतकऱ्याला भोरडी नको असते, कारण कणसावर बसली की ती दाणे फस्त करते. मात्र टोळ आणि नाकतोडे यांचा फडशा पाडण्यातही तिच्यासारखी दुसरी नाही. पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत ती मे-जूनमध्ये वीण घालते आणि पिल्ले उडती होताच, जुलै-ऑगस्टपासूनच, भारतात परतू लागते. वर्षातला मोठा काळ ती आपल्याकडे असते. तरीही खानदेशातल्या भोरड्या नेमक्या कोणत्या देशात वीण घालतात, दरवर्षी त्याच शिवारात येतात की पिकामागे भटकतात, हे नुसत्या दुर्बिणीला सांगता येत नाही. ते सांगेल पायातली कडी. मॉर्टेन्सनने पहिल्या कड्या मैनांनाच घातल्या होत्या. खानदेशात काम सुरू करायचे तर त्याच कुळातल्या भोरडीपासून करणे सर्वांत योग्य.

एकच पक्षी त्याच जागी परत येतो काय, या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर मुंबईत मिळाले आहे. अंधेरीला एका पक्षिप्रेमी घराच्या बागेतल्या छोट्याशा हिरवळीवर एक करडा धोबी हिवाळ्याच्या सुरुवातीला येत असे. त्याच्या पायात कडी घातली गेली आणि नंतर सलग काही वर्षे तोच पक्षी त्याच हिरवळीवर परतला. हिमालयात किंवा त्याही पलीकडे विणीला जाऊन, हजारो किलोमीटर उडून, तो मुंबईच्या पसाऱ्यातला तोच गवताचा तुकडा शोधून काढत होता. कडी नसती तर घरच्यांनी म्हटले असते, ‘दरवर्षी एक धोबी येतो.’ कडीमुळे त्यांना म्हणता आले, ‘तोच येतो.’

पक्ष्याचे वयही कडीच सांगते. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर पक्षिशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १९५६ मध्ये एका लेसान अल्बट्रॉस मादीला कडी घातली. २००२ मध्ये त्याच रॉबिन्स यांच्या हाती ती पुन्हा लागली. मधल्या काळात झिजलेल्या कड्या बदलल्या गेल्या होत्या, पण प्रत्येक वेळी जुना आकडा नव्याशी जोडून लिहून ठेवला होता, म्हणूनच ओळख पटली. ‘विस्डम’ या नावाने ती जगभर प्रसिद्ध झाली. सत्तरी ओलांडल्यावर, २०२४ च्या अखेरीस, तिने अंडे घातले. रानातला पक्षी इतके जगू शकतो हे कळले ते एका कडीमुळे आणि पिढ्यान्पिढ्या सांभाळलेल्या वहीमुळे.

आता कोणी म्हणेल, उपग्रहाच्या युगात कडी कशाला? शंका रास्त आहे. जून २०१९ मध्ये मंगोलियातल्या खुर्ख रिंगिंग केंद्रावर ‘ओनोन’ नावाच्या कुकूच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवला गेला. तो झांबियात जाऊन हिवाळा काढून आला. परतीच्या वाटेवर, २०२० च्या वसंतात, केनियातून निघून अरबी समुद्र ओलांडत त्याने थेट मध्य प्रदेश गाठला. आठवडाभरात सुमारे ६,४०० किलोमीटर. मे २०२० अखेर तो मंगोलियात पोहोचला, तेव्हा त्याच्या नावावर १६ देश आणि २६,००० किलोमीटरहून अधिक प्रवास जमा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये नागालँडमधल्या अमूर ससाण्यांना असेच ट्रान्समीटर लावले गेले. मध्य भारत आणि अरबी समुद्र ओलांडून ते आफ्रिकेत पोहोचल्याचे सर्वांनी नकाशावर पाहिले. २०२२ मध्ये बीएनएचएसने ठाणे खाडीत सहा रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, ट्रान्समीटर लावले. त्यांतला ‘हुमायून’ भावनगरपर्यंत जाऊन ठाण्याला परतला.

हे सगळे थक्क करणारे आहे. परंतु ट्रान्समीटर महाग असतो आणि तो पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. १६ ग्रॅमच्या धोब्याला तो कसा पेलणार? शिवाय ट्रान्समीटर चार-सहा पक्ष्यांची कहाणी सांगतो आणि कडी हजारोंची. किती जगले, किती मेले, पिल्लांचे प्रमाण वाढले की घटले, हे समजायला मोठ्या संख्या लागतात. मॅप्स या नावाने ओळखल्या गेलेल्या आशियाव्यापी पाहणीत १९६०च्या दशकात आणि त्यानंतर दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कड्या घातल्या गेल्या, आणि बीएनएचएसही त्या कामात होती. छोट्या पक्ष्यांपैकी शंभरात एकसुद्धा पुन्हा हाती लागत नाही. म्हणूनच कड्या भरपूर घालाव्या लागतात आणि सापडलेली प्रत्येक कडी मोलाची ठरते.

आता या जिल्ह्याच्या सर्वांत प्रसिद्ध पक्ष्याकडे वळू. तो म्हणजे रानपिंगळा, एक लहान घुबड. तो स्थलांतर करत नाही, तरीही त्याची कथा आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे.

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात हे घुबड मिळाले. पुढच्या वर्षी पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. १८८०च्या दशकात खानदेशातले आयसीएस अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदा-शहाद्याच्या बाजूला आणखी काही नमुने मिळवले. डेव्हिडसन हे शिस्तीचे निरीक्षक. पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८८२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिविषयक नियतकालिकात छापून आली. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला दिसेना. संग्रहालयांत उरले ते सात नमुने आणि त्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या.

त्यांशिवाय आणखी एक नमुना होता. तो मिळवल्याचा दावा केला होता ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षितज्ज्ञ कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांनी. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, मांडवी, १९१४. हे मांडवी म्हणजे तापीकाठचे, सुरत जिल्ह्यातले. चिठ्ठी खरी मानली, तर पक्षी १८८४ नंतरही ३० वर्षे टिकला होता आणि गुजरातेत होता. १९७०च्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला, पण हाती काही लागले नाही.

१९९०च्या दशकात स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, त्याचे क्ष-किरण चित्र काढले. कातडे आतून उसवून पुन्हा भरलेले निघाले, आणि मूळ शिवण नेमकी डेव्हिडसन यांच्या हातची होती. माइनर्ट्झहॅगन यांनी तो नमुना संग्रहालयातून लांबवला होता, नव्याने भरला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. नामांकित अधिकाऱ्याचा शब्द म्हणून जगाने ती अनेक दशके खरी मानली. रासमुसेन यांनी तिच्यावर फुली मारली आणि ब्लेविट व डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या आधी छत्तीसगड-ओडिशाकडच्या जुन्या जागा धुंडाळून शहाद्याला आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, भर उजेडात रानपिंगळा बसलेला दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

एका खोट्या चिठ्ठीने साऱ्या शास्त्राची दिशाभूल केली, आणि शंभर वर्षांहून जुन्या खऱ्या चिठ्ठीने शहाद्याची वाट दाखवली. डेव्हिडसनने जागा आणि तारीख प्रामाणिकपणे लिहिली नसती, तर ११३ वर्षांनंतर कोणी या रानात पाऊल टाकले नसते. ‘खानदेशात मिळाला’ एवढेच मोघम लिहिले असते तरी भागले नसते.

कडी म्हणजे जिवंत पक्ष्याच्या पायाला बांधलेली तीच चिठ्ठी. डेव्हिडसनच्या काळी ती बांधण्यासाठी पक्षी मारावा लागे, आज तो उडत राहतो, एवढाच फरक. पण कडीच्या आकड्याला स्वतःचे काही मोल नाही. आकडा, पक्ष्याची जात, जागा, तारीख, वेळ, वजन आणि पकडणाऱ्याचे नाव ज्या वहीत लिहिले आहे, ती वही खरी असेल तरच आकडा बोलतो. सातबाऱ्यावरची नोंद चुकली की पिढ्या कोर्टात जातात, तसेच येथे एक चुकीची नोंद पुढच्या अभ्यासकाला वर्षानुवर्षे भलत्या वाटेने नेते. म्हणून रिंगिंग शिकवताना जाळी लावण्याइतकेच वही लिहिणे शिकवले पाहिजे. जे दिसले नाही ते लिहायचे नाही, शंका असेल तर शंका लिहायची, आणि आठवणीवर विसंबून संध्याकाळी घरी बसून वही भरायची नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट असली पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानपक्षी पकडणे गुन्हा आहे. संशोधनासाठी पकडायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि रिंगिंग प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. हौस म्हणून, फोटोसाठी किंवा शाळेच्या सहलीत करून पाहण्याचे हे काम नाही. अप्रशिक्षित हातात एका धोब्याची मांडी सहज मोडते.

मात्र हे काम फक्त पदवीधरांचे आहे, असेही कोणी समजू नये. बीएनएचएसच्या रिंगिंगचा इतिहास लिहायचा तर बिहारच्या मीरशिकार परंपरेतले अली हुसेन यांचे नाव पहिल्या पानांवर येईल. पक्षी पकडण्याची पिढीजात विद्या घेऊन ते आले आणि भरतपूरपासून तमिळनाडूच्या कोडिक्कराईपर्यंत कित्येक दशके शास्त्रज्ञांचे हात झाले. सातपुड्यातही अशी विद्या आहे. पावरा आणि भिल्ल मुलांना कोणता पक्षी कोणत्या झाडावर कधी बसतो हे उपजत कळते. तीच मुले आज गलोल घेऊन फिरतात, कारण त्या ज्ञानाचा दुसरा उपयोग कोणी त्यांना दाखवलेला नाही. नागालँडमधल्या पांगती गावाने अमूर ससाण्यांची कत्तल २०१३ मध्ये थांबवली आणि तेच गावकरी ससाण्यांचे राखणदार झाले. तोरणमाळ, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा येथल्या आश्रमशाळांतल्या मुलांना दुर्बीण, वही आणि प्रशिक्षण मिळाले, तर याच जिल्ह्यातून उद्याचे रिंगर तयार होतील. त्यांच्या नावाने झालेल्या नोंदी आणखी शंभर वर्षांनी कोणीतरी वाचेल.

म्हणून जिल्ह्यासमोर एक ठोस सूचना ठेवावीशी वाटते. तापीकाठी प्रकाशा-सारंगखेड्याचे बॅरेज, तोरणमाळचा यशवंत तलाव आणि नवापूर परिसरातली एक पाणथळ अशा तीन ठिकाणी, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, दरवर्षी त्याच जागी आणि त्याच पद्धतीने रिंगिंग व्हावे. वनविभागाने परवानगी आणि संरक्षण द्यावे, बीएनएचएसने प्रशिक्षण द्यावे, पशुसंवर्धन विभागाने त्याच वेळी पक्ष्यांचे नमुने तपासावेत आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी नोंदींची जबाबदारी घ्यावी. एक-दोन हंगामांत मोठे निष्कर्ष हाती येणार नाहीत. दहा वर्षे खंड न पडता काम झाले, तर पुढच्या वेळी पोल्ट्रीत कोंबड्या मरू लागल्यावर आकाशाकडे बोट दाखवण्याआधी पाहायला एक वही असेल. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्याला आणि तापीवर उतरणाऱ्या बदकालाही त्या वहीचा आधार मिळेल.

तोवर प्रत्येक श्रोत्याला करता येण्यासारखे एक काम आहे. शेतात, तलावाकाठी किंवा रस्त्यावर पायात कडी असलेला पक्षी दिसला, तर कडीवरची अक्षरे आणि आकडा जसेच्या तसे उतरवून घ्या. शक्य असेल तर फोटो काढा. पक्षी मेलेला असेल तर उघड्या हाताने त्याला शिवू नका, आणि आजूबाजूला आणखी पक्षी मेलेले दिसले तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वनरक्षकाला कळवा. आकड्याबरोबर गावाचे नाव, तालुका, तारीख आणि पक्षी कसा सापडला हे लिहा, आणि ते सगळे मुंबईच्या हॉर्नबिल हाउसमध्ये, बीएनएचएसच्या कार्यालयात पाठवा. कडी परदेशी असली तरी तेथूनच तिची माहिती योग्य जागी पोहोचते.